जुन्या 'स्टार ट्रेक'मधले १९६६ सालचे विज्ञान

विज्ञानकथेवर आधारलेली आवडती दूरचित्रवाणी मालिका बऱ्याच वर्षांनी पहिल्या भागापासून पुन्हा पाहायला घेतली की पुढे काय होणार हे ठाऊक असते, त्यामुळे कथेची उत्कंठा फारशी उरत नाही आणि पहिल्या वेळी नजरेतून निसटलेल्या गोष्टी दिसू लागतात. एंटरप्राइझ या अंतराळयानाच्या सफरींवरच्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. जीन रॉडनबेरी यांनी निर्मिलेल्या या मालिकेचा पहिला भाग एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. तीन पर्वांत ७९ भाग झाल्यावर ३ जून १९६९ रोजी ती संपली आणि त्यानंतर सात आठवड्यांच्या आत नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले. या मालिकेविषयी बोलताना सहसा तिने वर्तवलेल्या भविष्यांची यादी सांगितली जाते: खिशात मावणारा संदेशवाहक, बोलणारा संगणक, भिंतीवरचा मोठा पडदा. ही यादी खोटी नाही, पण मालिकेतला तो सर्वांत कमी रंजक भाग आहे असे माझे मत आहे. त्याहून कितीतरी अधिक शिकवून जातात त्या पहिल्या पर्वातल्या चुका. प्रत्येक भागाच्या प्रसारणाची तारीख शेजारी ठेवून तो पाहिला, तर त्या आठवड्यात विज्ञानाला काय पक्के ठाऊक होते, काय वादात होते आणि काय ठाऊक असूनही कथेच्या सोयीसाठी बाजूला सारले गेले, याचा नेमका अंदाज येतो.

पहिल्याच प्रसारित भागाचे, 'द मॅन ट्रॅप'चे, उदाहरण घेऊ. एका ओसाड ग्रहावरचा एक रूप पालटणारा जीव माणसांच्या शरीरातले मीठ शोषून त्यांना ठार करतो. वरवर ही भयकथा वाटते, पण तिचा शरीरशास्त्रीय पाया भक्कम आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण शंभर ग्रॅम सोडियम असते आणि त्याचा मोठा वाटा पेशींच्या बाहेरच्या द्रवात असतो. तिथले प्रमाण पेशीच्या आतल्यापेक्षा दहापटीने अधिक असते आणि या तफावतीवरच मज्जातंतूंमधला संदेश चालतो, कारण पेशीच्या आवरणातली दारे क्षणभर उघडून सोडियमचे आयन आत शिरले की विद्युतसंदेश पुढे सरकतो. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माकूळ या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून ही यंत्रणा १९५२ मध्ये गणिताने मांडली होती आणि १९६३ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले होते. म्हणजे शरीरातले मीठ एकाएकी नाहीसे झाले तर माणूस रक्तस्रावाशिवाय, जागच्या जागी मरेल, ही कल्पना त्या वेळच्या ताज्या ज्ञानाशी पूर्णपणे जुळणारी होती. तोच जीव यानावरचा परग्रहवंशी अधिकारी स्पॉक याच्यावरही हल्ला करतो, पण स्पॉकच्या रक्तातले क्षार वेगळे असल्यामुळे तो बचावतो आणि त्याच्या कपाळावरच्या जखमेतून हिरवे रक्त येताना दिसते. पुढे मालिकेत या रंगाचे कारण तांबे असे दिले गेले. इथे मात्र रसायनशास्त्र किंचित हुकले आहे, कारण खेकड्यांच्या आणि ऑक्टोपसच्या रक्तात तांबे असलेले हिमोसायनिन असते आणि प्राणवायू मिळाल्यावर ते निळे दिसते. न्यू गिनीतल्या काही सरड्यांचे रक्त खरोखर हिरवे असते, पण त्याला तांबे कारणीभूत नसून बिलिव्हर्डिन हे पित्तातले रंगद्रव्य कारणीभूत असते.

याच भागाच्या निर्मितीतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पडद्यावर मिठाच्या डब्या हव्या होत्या म्हणून चित्रविचित्र आकाराच्या डब्या आणल्या गेल्या. परंतु त्या इतक्या अनोख्या दिसत होत्या की त्या मिठाच्या आहेत हे प्रेक्षकांना कळणार नाही अशी शंका आली, तेव्हा साध्या डब्या वापरून त्या नव्या डब्या डॉ. मॅकॉय यांची वैद्यकीय उपकरणे म्हणून कामाला लावण्यात आल्या. रुग्णाच्या अंगावरून फिरवताच निदान करणारे ते यंत्र पाहताना हे एकदा कळले की विसरता येत नाही. भागाच्या शेवटी तो जीव आपल्या जातीतला अखेरचा होता हे लक्षात येऊन कॅप्टन कर्क यांना पृथ्वीवरच्या गव्यासारख्या बायसनची आठवण येते. अमेरिकेत नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या संरक्षणाचा पहिला व्यापक कायदा १५ ऑक्टोबर १९६६ रोजी, म्हणजे या प्रसारणानंतर पाच आठवड्यांनी झाला. तेव्हा हा विषय हवेत होताच.

२२ सप्टेंबरच्या भागात एंटरप्राइझ हे यान आकाशगंगेच्या कडेला पोहोचते आणि तिथे त्याला गुलाबी प्रकाशाची एक भिंत आडवी येते. मालिकेच्या लेखकांसाठी केलेल्या मार्गदर्शिकेत वॉर्प वेगाचे, म्हणजे यानाच्या प्रकाशाहून जलद वेगाचे, गणित होते. वॉर्पचा जो आकडा असेल त्याचा घन करायचा आणि त्याने प्रकाशवेगाला गुणायचे. त्यानुसार यानाचा नेहमीचा सुरक्षित कमाल वेग, वॉर्प ६, हा प्रकाशाच्या २१६ पट भरतो. या वेगाने सूर्याला सर्वांत जवळचा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्सिमा सेंटॉरी हा तारा साधारण आठवडाभराच्या अंतरावर येतो. पण आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे आणि आपण केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहोत, त्यामुळे बाहेरची कड गाठायला त्याच वेगाने शंभराहून अधिक वर्षे लागतील. तबकडी जाडीला मात्र जेमतेम हजार प्रकाशवर्षे आहे, तेव्हा कर्क यांनी सरळ 'वर' निघायचे ठरवले असते तर दोन-सव्वादोन वर्षांत ते तिच्यातून बाहेर पडले असते. भिंत त्यांना कुठेच आडवी आली नसती, कारण तारे विरळ होत जातात आणि तबकडीभोवतीच्या विरळ आवरणात मिसळून जातात. तिथे कड अशी नसतेच. याच भागात जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या अतींद्रिय शक्तीची नोंद त्यांच्या अधिकृत कागदपत्रांत असते, आणि आजच्या प्रेक्षकाला हीच गोष्ट भिंतीपेक्षा जास्त खटकते. ड्यूक विद्यापीठात जोसेफ बँक्स ऱ्हाइन यांनी १९३०च्या दशकापासून पत्त्यांवरच्या चिन्हांच्या साहाय्याने अशा शक्तीची मोजमापे चालवली होती आणि हे शास्त्र लवकरच मान्य होणार असे अनेक सुशिक्षितांना वाटत होते. काटेकोर नियंत्रणाखाली ते निष्कर्ष टिकले नाहीत.

पुढच्या आठवड्यातला 'द नेकेड टाइम' हा भाग मला पहिल्या पर्वातला सर्वांत जिवंत भाग वाटतो, पण त्यातली मध्यवर्ती अडचण भौतिकशास्त्राला मान्य होणारी नाही. एक खलाशी भ्रमिष्ट होऊन यंत्रे बंद करतो आणि कक्षेत फिरणारे यान खालच्या फुटत चाललेल्या ग्रहाकडे कोसळू लागते. कक्षेत फिरण्यासाठी इंजिन चालू असावे लागत नाही. आडवा वेग पुरेसा असला की यान ग्रहाकडे सतत पडत असते आणि तरीही त्याला सतत चुकवत असते. वेग कमी करणारे काही नसेल तर ही स्थिती कितीही काळ टिकू शकते. १९६६ साली हे केवळ पुस्तकात नव्हते. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोडलेला स्पुटनिक वातावरणाच्या घर्षणामुळे तीन महिन्यांत जळून गेला होता, पण मार्च १९५८ मध्ये अधिक उंचावर सोडलेला व्हॅनगार्ड-१ फिरतच होता आणि त्याचे काम कधीच थांबलेले असले तरी तो आजही फिरतो आहे. ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणातल्या बदलांची सबबही फारशी उपयोगी पडत नाही. ग्रह सर्व बाजूंनी सारखाच आकसला, तर बाहेरच्या यानाच्या कक्षेत काहीच फरक पडणार नाही. आणि त्याचे वस्तुमान अवकाशात दूर फेकले गेले, तर त्याची ओढ कमी होऊन यान उलट लांब जाईल. ही चूक अज्ञानातून आलेली नाही, ती सोयीतून आलेली आहे, आणि म्हणूनच मालिकेत ती पुन्हापुन्हा भेटते.

त्याच भागाचा शेवट द्रव्य आणि प्रतिद्रव्य थंड अवस्थेतच एकत्र आणून इंजिन सुरू करण्याच्या जुगारावर आहे. प्रतिद्रव्य, म्हणजे नेहमीच्या द्रव्यासारखेच पण उलट विद्युतभाराच्या कणांचे द्रव्य, ही लेखकांची कल्पना नव्हती. कार्ल अँडरसन यांना १९३२ मध्ये पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, सापडला होता आणि बर्कली येथे एमिलिओ सेग्रे व ओवेन चेंबरलेन यांच्या गटाने १९५५ मध्ये प्रतिप्रोटॉन निर्माण केला होता. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम द्रव्याशी भिडले तर सुमारे ४३ किलोटन टीएनटीइतकी, म्हणजे हिरोशिमावरच्या बाँबच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा बाहेर पडते. इंधन म्हणून याहून सरस काही असू शकत नाही. अडचण एवढीच की ते कुठे सापडत नाही, बनवावे लागते, आणि बनवायला मिळते त्याच्या कितीतरी पट ऊर्जा खर्चावी लागते. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत आजवर निर्माण झालेले सगळे प्रतिद्रव्य एकत्र जाळले तरी विजेचा एक दिवा काही मिनिटेच पेटेल.

यानातून ग्रहावर माणसे पोहोचवणारे ट्रान्सपोर्टर हे यंत्र मात्र विज्ञानातून आलेले नाही, ते अंदाजपत्रकातून आले. एवढे मोठे यान दर आठवड्याला निरनिराळ्या ग्रहांवर उतरवून दाखवण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून माणसांना थेट विरघळवून दुसरीकडे प्रकट करण्याची युक्ती काढली गेली, आणि त्या वेळी दिसणारी झगमग म्हणजे प्रखर प्रकाशझोतात सोडलेली ॲल्युमिनियमची भुकटी होती. ६ ऑक्टोबरच्या 'द एनिमी विदिन' या भागात या यंत्रातून एकाऐवजी दोन कर्क बाहेर येतात, एक दुष्ट आणि एक दुबळा. यंत्र बिघडल्यामुळे खालच्या गोठत्या ग्रहावर माणसे अडकून पडतात आणि छोटे यान पाठवून त्यांना वर आणावे असे कोणालाही सुचत नाही, कारण तसले यान मालिकेत अजून अवतरलेलेच नव्हते. दुसऱ्या कर्कचे वस्तुमान कुठून आले हा प्रश्नही कोणी विचारत नाही. ते ८० किलो धरले, तर तेवढे द्रव्य निर्माण करायला लागणारी ऊर्जा सुमारे १,७०० मेगाटन भरते, आणि आजवरचा सर्वांत मोठा अणुस्फोट ५० मेगाटनांच्या आसपासचा होता.

गंमत अशी की पैसे वाचवण्यासाठी काढलेल्या या युक्तीविषयी भौतिकशास्त्राला पुढे खूप काही सांगता आले. १९८२ मध्ये सिद्ध झाले की एखाद्या अज्ञात पुंजस्थितीची, म्हणजे सूक्ष्म कणाच्या अवस्थेची, हुबेहूब दुसरी प्रत काढता येत नाही. १९९३ मध्ये सहा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की प्रत काढता आली नाही तरी ती स्थिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवता येते, मात्र त्या प्रक्रियेत मूळ स्थिती नष्ट होते आणि सोबत एक साधा संदेशही पाठवावा लागतो, त्यामुळे प्रकाशवेग ओलांडला जात नाही. १९९७ मध्ये इन्सब्रुक येथे अँटोन झायलिंगर यांच्या गटाने एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, स्थिती अशी पोहोचवली. २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी तिबेटातल्या केंद्रावरून मिसियस उपग्रहापर्यंत, १,४०० किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर, हेच करून दाखवले. एका फोटॉनपासून माणसाच्या शरीरातल्या एकावर सत्तावीस शून्ये एवढ्या संख्येहून अधिक अणूंपर्यंतचा पल्ला गाठता येईल असे मानायला काहीही आधार नाही. पण तत्त्वाचा प्रश्न विचारला, तर एका यंत्रातून दोन कर्क निघणे निषिद्ध आहे आणि पहिला कर्क नष्ट होणे अपरिहार्य आहे.

पहिल्या पर्वातला सर्वांत बारकाईने पाहण्यासारखा भाग म्हणजे १५ डिसेंबरचा 'बॅलन्स ऑफ टेरर'. रोम्युलन या शत्रू लोकांचे एक जहाज अदृश्य होऊन सीमेवरची ठाणी उद्ध्वस्त करते आणि एंटरप्राइझ त्याचा पाठलाग करते. कथेचा साचा उघडपणे पाणबुडी आणि विनाशिका यांच्या झुंजीचा आहे, आणि तो इतका तंतोतंत उचलला आहे की दोन्ही जहाजांवर यंत्रे बंद करून शांतता पाळली जाते; स्पॉकचा हात चुकून एका कळीवर पडतो, खूण उमटते आणि शत्रूला ठावठिकाणा कळतो. समुद्रात हे खरे आहे, कारण पाण्यातून आवाज दूरवर जातो. निर्वात पोकळीत आवाज जाऊच शकत नाही, तेव्हा कितीही आरडाओरडा केला तरी पलीकडच्याला तो ऐकू येणार नाही. जहाजाचा खरा घात करील ती उष्णता. माणसे राहू शकतील एवढे उबदार पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे जवळपास चारशे वॅट अवरक्त प्रारण बाहेर टाकतात, आणि त्यामागचे आकाश जेमतेम तीन केल्विन, म्हणजे सुमारे उणे २७० अंश सेल्सिअस, तापमानाचे असते. आकाशाचे हे तापमान आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या शोधामुळे १९६५ मध्ये, म्हणजे या भागाच्या आदल्याच वर्षी कळले होते. एवढ्या थंड पडद्यावर उबदार जहाज लपवणे फार कठीण आहे. व्हॉयेजर-१ चा सुमारे २० वॅटचा प्रक्षेपक आज २,४०० कोटी किलोमीटरांहून दूर असूनही पृथ्वीवरच्या अँटेनांना ऐकू येतो, यावरून अवकाशात लपणे किती अवघड आहे ते ध्यानात यावे.

मात्र याच भागात स्पॉक जाता जाता दोन विधाने करतो, आणि ती थक्क करणारी आहेत. प्रकाश निवडकपणे वाकवला तर अदृश्य होणे तत्त्वतः शक्य आहे, फक्त त्याला ऊर्जा प्रचंड लागेल, हे पहिले. आणि हा पडदा दोन्ही बाजूंनी काम करत असावा, म्हणजे ते आपल्याला दिसत नाहीत तसे आपणही त्यांना दिसत नसू, हे दुसरे. चाळीस वर्षांनी, २००६ मध्ये, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे जॉन पेंड्री आणि ड्यूक विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी नेमका हाच मार्ग घेतला. विशिष्ट नक्षीच्या धातूच्या कड्यांची रचना करून त्यांनी सूक्ष्मलहरी एका तांब्याच्या नळकांड्याभोवती वळवल्या आणि पलीकडे पुन्हा जवळपास मूळ वाटेवर आणल्या. आत शिरणारा प्रकाश वळवून बाजूने काढला, तर आतल्याला बाहेरचे काही दिसणार नाही, हे त्यातून आपोआप निघते. ही रचना लहरींच्या ठरावीक लांबीपुरतीच चालते आणि दृश्य प्रकाशासाठी मोठ्या वस्तूवर ती जमवणे अजून साधलेले नाही. तरीही त्या लेखकाने शत्रूच्या हाती दिलेल्या अस्त्राची मर्यादाही बरोबर हेरली होती, आणि विज्ञानकथेत हे क्वचित घडते.

५ जानेवारी १९६७ च्या 'द गॅलिलिओ सेव्हन'मध्ये यान वाटेत क्वासारसारख्या एका रचनेजवळ थांबते, कारण दिसेल त्या क्वासारचा अभ्यास करावा असा त्याला कायमचा हुकूम असतो. आज हे वाक्य ऐकून खगोलशास्त्राचा विद्यार्थीही हसेल, कारण क्वासार म्हणजे दूरच्या दीर्घिकांची केंद्रे. ३सी २७३ या तेजस्वी क्वासारचेच अंतर सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षे आहे. पण तारीख पाहावी. त्याच्या वर्णपटातल्या ताम्रसृतीचा, म्हणजे रेषा लाल रंगाकडे सरकण्याचा, उलगडा मार्टिन श्मिट यांनी १९६३ मध्ये केला होता आणि त्या ताम्रसृतीचा अर्थ खरोखर एवढे अंतर असा घ्यायचा का, यावर अजून रण माजलेले होते. सूर्यमालेएवढ्या लहान जागेतून शेकडो दीर्घिकांचा प्रकाश कसा येऊ शकतो हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. जयंत नारळीकर यांचे गुरू म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांनी १९६६ मध्येच क्वासार तुलनेने जवळ असण्याची शक्यता गंभीरपणे मांडली होती. प्रेक्षकाला जी ढोबळ चूक वाटते ती त्या वर्षी प्रतिष्ठित नियतकालिकांत चालू असलेल्या वादातली एक बाजू होती. अशा चुकांसाठीच हे भाग पुन्हा पाहावेत.

त्याच महिन्यातल्या 'टुमॉरो इज यस्टर्डे'मध्ये यान एका 'काळ्या ताऱ्या'च्या, म्हणजे आजच्या भाषेत कृष्णविवराच्या, ओढीतून सुटताना मागे फेकले जाऊन १९६०च्या दशकात येते. गुरुत्वाकर्षणाने काळ मंदावतो हे खरे आहे आणि रॉबर्ट पाउंड व ग्लेन रेब्का यांनी त्याचा पुरावा १९६० मध्ये हार्वर्डमधल्या अवघ्या साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात मिळवला होता. पण मंदावलेला काळ आपल्याला इतरांच्या भविष्यात नेतो, भूतकाळात नाही. या भागात रेडिओवर एक बातमी लागते, की माणसाला घेऊन चंद्राकडे जाणारी पहिली मोहीम बुधवारी निघणार आहे. अपोलो ११ खरोखरच बुधवारी, १६ जुलै १९६९ रोजी निघाले, आणि हा योगायोग पुष्कळ वेळा सांगितला जातो. फारसे सांगितले जात नाही ते हे, की हा भाग २६ जानेवारी १९६७ रोजी दाखवला गेला आणि दुसऱ्याच दिवशी अपोलो १ च्या रंगीत तालमीत लागलेल्या आगीत तीन अंतराळवीर मरण पावले.

९ मार्चच्या 'द डेव्हिल इन द डार्क'मध्ये खडकातून बोगदे काढणारा हॉर्टा हा सिलिकॉनचा जीव भेटतो. आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या लगेच खाली आहे आणि त्याच्याप्रमाणेच चार बंध करतो, म्हणून ही कल्पना सुचणे साहजिक आहे. परंतु कार्बन-कार्बन बंधाची ताकद मोलला सुमारे ३४६ किलोज्यूल असते, तर सिलिकॉन-सिलिकॉन बंधाची २२० च्या आसपास; उलट सिलिकॉन-ऑक्सिजन बंध साडेचारशेच्या घरात जातो. त्यामुळे ऑक्सिजन दिसला की सिलिकॉन त्याला चिकटतो आणि त्याची वाळू होते. कार्बन जळल्यावर वायू तयार होतो आणि तो श्वासातून सहज बाहेर टाकता येतो. सिलिकॉनच्या जिवाला दर श्वासाला वाळू बाहेर टाकावी लागेल. सर्वांत बोलका पुरावा आपल्या पायांखाली आहे. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे आणि कार्बन एक टक्काही नाही, तरी जीवसृष्टीने कार्बनच निवडला. मात्र दार पूर्ण बंद झालेले नाही. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये एका जिवाणूच्या प्रथिनाला वळण लावून कार्बन आणि सिलिकॉन यांचा बंध जोडायला शिकवले, आणि हे काम तोवर कोणताही ज्ञात जीव करत नव्हता. हॉर्टा खडक विरघळवायला तीव्र आम्ल वापरतो, हे त्याच्या स्वतःच्या त्वचेलाही तितकेच घातक ठरायला हवे. या आक्षेपाला मालिकेकडे उत्तर नाही.

हे सारे घडते ते ग्रह त्या काळी निव्वळ कल्पित होते, कारण सूर्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा पुरावाच नव्हता. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला. आज ही संख्या सहा हजारांच्या घरात आहे. स्पॉकच्या व्हल्कन ग्रहाचा सूर्य म्हणून रॉडनबेरी यांनी तीन खगोलशास्त्रज्ञांसह १९९१ मध्ये एका नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात ४० एरिडानी या १६ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याची बाजू घेतली होती, कारण दुसरा उमेदवार असलेला एप्सिलॉन एरिडानी हा तारा बुद्धिमान जीव विकसित व्हायला फारच तरुण होता. २०१८ मध्ये ४० एरिडानीभोवती ग्रह असल्याचे जाहीर झाले. पुढच्या काही वर्षांत अधिक काटेकोर मोजमापांनंतर तो संकेत ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या हालचालींचा निघाला.

हे भाग आता दोन रूपांत मिळतात. २००६ पासून सगळ्या भागांतली अवकाशातली दृश्ये संगणकाच्या साहाय्याने नव्याने बनवली गेली, त्यामुळे नव्या आवृत्तीत ग्रहांना ढग, समुद्र आणि सावल्या आहेत. जुन्या आवृत्तीत ते एकाच रंगात माखलेले गोळे आहेत. नवी आवृत्ती डोळ्यांना सुखावते यात शंका नाही. परंतु मंगळावरचे खड्डे दाखवणारी मरिनर-४ ची अंधुक छायाचित्रे जुलै १९६५ मध्ये, म्हणजे मालिकेच्या वर्षभर आधी प्रथमच पृथ्वीवर आली होती, आणि ग्रह जवळून कसा दिसतो याविषयी लेखक-चित्रकारांच्या हाती याहून फारसे काही नव्हते. ते पाहायचे असेल तर जुनी आवृत्तीच निवडावी. संवाद दोन्हींत तेच आहेत, त्यामुळे क्वासारही दोन्हींत जवळच आहे.